बायांची बाजू

सांभाराच्या जुड्या स्वस्त झाल्या की माझं डोकं फिरतं. कुणाला सांगितलं तर हसतील. कोथिंबीर, म्हणजे आमचा सांभार, ही काही चिडण्याची वस्तू नाही. पण पौषातल्या सकाळी इथं वर्ध्यात, नालवाडीच्या कोपऱ्यावर भाजीवाली हातगाडी लावते, ओल्या सांभाराचा वास दारापर्यंत येतो आणि मला सेलूची टॉकीज आठवते. टॉकीज आठवली की राग येतो. वय वाढलं की कमी होईल असं वाटायचं. तो मुरतच चालला आहे.

यंदा तो जरा लवकर आला. दिवाळी झाल्यावर अमोलनं, माझ्या मुलानं, बैठकीत भिंतभर टीव्ही लावला. माणसं येऊन भिंतीला भोकं पाडून गेली, सगळीकडं चुना सांडला, तो मी आणि सुनेनं, पल्लवीनं, झाडला. अमोल खूश होता. मला म्हणाला, "आई, आता कुठी जायचं कामच नाई. शुक्रवारी पिक्चर लागला की संध्याकाळी ग्रुपवर लिंक येते. फुकट. घरबसल्या पाहायचं."

घरबसल्या! कोण बसतं हो घरी? पहिल्याच रविवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. पिक्चर सुरू होऊन नावं संपतात न संपतात तोच अमोलच्या वडिलांना चहा हवा झाला. पल्लवी उठली. मग अमोलचे मित्र आले, त्यांच्यासाठी मी उठले. मग कोणीतरी म्हणालं, पापड भाजा, मजा येईल. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, वाळत घातलेले कपडे. ओट्यापाशी पल्लवीनं मला हळूच विचारलं, "आई, त्या बाईचं पुढं काय झालं वो?" मला काय ठाऊक? मी कणीक मळत होते. बैठकीतून हसण्याचा आवाज येत होता, आणि कशाला हसतात ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

घरी बसायला मिळतं त्यांच्यासाठी घरबसल्या. आमच्यासाठी घर म्हणजे कामाची जागा. त्या जागेतून उठून तीन तास कुठंतरी जाऊन बसता येत होतं, कुणाचा बाप येऊन चहा मागू शकत नव्हता, अशी एक जागा होती आमच्याकडं. ती तुम्ही फुकटात बुडवली.

माझं माहेर सेलूजवळच्या एका लहानशा गावचं. आमच्याकडं भाजीचा मळा होता. वांगी, पालक, मुळे आणि हिवाळ्यात सांभार. बाजाराच्या दिवशी माय पहाटेच जुड्या बांधायला बसायची. बैलगाडीत माल टाकायचा, वरून ओलं पोतं, आणि गावातल्या चार-पाच बायका मालाच्या मधेमधे जागा करून बसायच्या. मीही असायचे. ऊन चढेपर्यंत माल निम्म्याहून जास्त उठायचा. उरलेला भाव पाडून विकायचा, कारण सगळ्यांना एकच घाई असायची. दुपारच्या खेळाची.

टॉकीजला नाव होतं, पण ते पाटीवरच राहिलं. आम्ही सगळे तिला नुसतं टॉकीज म्हणायचो. पुरुषांचं दार मोठ्या रस्त्याला आणि बायांचं दार बाजूच्या गल्लीत. आत मधोमध कमरेएवढी विटांची भिंत. भिंतीच्या पलीकडं पुरुष, अलीकडं आम्ही. लाकडी बाकं, आणि बाकांत ढेकूण. होते ढेकूण, मी नाकारत नाही. हिवाळ्यात आत संत्र्याच्या सालींचा वास भरलेला असायचा. बायका पदराच्या ओटीत संत्री घेऊन यायच्या, अंधारात सोलायच्या, फोडी शेजारणीच्या हातात द्यायच्या. ती शेजारीण कोण, कुठल्या गावची, हे पुष्कळदा ठाऊकही नसायचं. खांबाला लुगड्याची झोळी बांधून लेकरं निजवलेली असायची. एखादं रडलं तर जवळची कोणीही बाई झोका द्यायची, त्याची माय पडद्यावरची नजर काढत नसे.

बायांच्या दारावर शेवंताबाई उभी असायची. उंच, सावळी, नऊवारी घट्ट खोचलेली, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी. तिकिटं फाडायची आणि पुरुषांना आवरायचं, ही तिची दोन कामं. पलीकडून कोणी शिटी मारली की ती भिंतीपाशी जाऊन नेमका त्याच्याच तोंडावर टॉर्च मारायची आणि सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असं विचारायची, "काऊन रे, घरी मायबहीण नाई का तुले?" पुरुषांच्याच बाजूनं हशा उसळायचा आणि तो माणूस खाली बसायचा.

एका हिवाळ्याचं मला सांगायचं आहे. त्याच्या आधीच्या भादव्यात माझा भाऊ दिलीप गेला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ताप आला, डोक्यात गेला, वर्ध्याला नेईपर्यंत सगळं संपलं. दिवस झाले, पाहुणे परतले, आणि बाबांनी घरात सांगून टाकलं, "आता रडायचं नाई. रडल्यानं पोरगं वापस येत नाई, अन् घराले अवकळा येते." आजी त्यांच्याच बाजूची. मायच्या पोटात तेव्हा विनोद होता. रडलं तर पोटातल्या लेकराला बाधतं, असंही तिला ऐकवलं गेलं. दिलीपचे कपडे कोणाला तरी देऊन टाकले. त्याचा एकही फोटो नव्हता. घरात त्याचं नाव घेणं बंद झालं, आणि ते इतकं पक्कं बंद झालं की मीसुद्धा मनातल्या मनात 'तो' म्हणायला लागले.

माय रडली नाही. तिनं जुड्या बांधल्या, भाकऱ्या थापल्या, विहिरीवर गेली. बाबा दिवस मावळेपर्यंत मळ्यातून परतायचे नाहीत. त्यांचंही काय चाललं होतं कोणास ठाऊक. पण त्यांना जायला मळा होता. मायला घर.

सांभार निघाला तसे बाजाराचे दिवस सुरू झाले. टॉकीजला तेव्हा एक पिक्चर लागला होता. त्यातल्या आईचं पोरगं पुरात वाहून जातं. पिक्चर काही फार चांगला नसावा. पुढं ते पोरगं सापडतं, मोठं होऊन मारामाऱ्या करतं, शेवटी सगळे एकत्र येतात. पण पुराच्या सीनला ती आई काठावर उभी राहून हाका मारते, आणि तिथं माझ्या शेजारी बसलेल्या मायच्या तोंडून आवाज फुटला. तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ती वाकली, पदर तोंडात कोंबला, मग तोही सोडून दिला आणि मोठ्यानं रडायला लागली. मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. बायांच्या बाजूच्या निम्म्या बायका रडत होत्या. कोणी नाक शिंकरत होतं, कोणी डोळ्याला पदर लावून पडद्यावरच्या बाईला "नको वो, नको जाऊ पाण्यात" म्हणून विनवत होतं. माझी माय त्यातलीच एक. कोणी वळून पाहिलं नाही. पलीकडच्या बाईनं न पाहताच मायच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली, बस.

खेळ सुटला, बायका उठल्या, माय बसूनच होती. मी तिचा दंड ओढत होते. शेवंताबाई आली. तिनं मायकडं एकदा पाहिलं, आणि मला म्हणाली, "राहू दे वो पोरी. मले झाडू मारायचा आहे, टाईम लागते." मग तिनं झाडायला घेतलं, पार दुसऱ्या टोकापासून, सावकाश. संत्र्याच्या साली, फुटाण्यांचे कागद. आमच्या बाकापाशी येईतो मायनं तोंड पुसलं होतं. गल्लीतल्या नळावर तिनं पाणी मारलं, आणि गाडीत बसून घरी आल्यावर चूल पेटवली.

तो पिक्चर जितके आठवडे होता तितके बाजार माय त्याच खेळाला गेली. गावच्या बायका घरी काही बोलल्या नाहीत. बाबांनी एकदा विचारलं, "एकच पिक्चर पाहून राह्यली का तू?" तेव्हा आमच्या शेजारची कौसल्याकाकू कुंपणापलीकडून म्हणाली, "गाणे चांगले आहेत त्याचे." बस, एवढ्यावर भागलं. फाल्गुनात विनोद झाला. सगळे म्हणाले, दिलीपच परत आला. मायनं ते कधी म्हटलं नाही.

आता सांगते राग कुणाकुणावर आहे ते.

व्हिडिओवाले आले तेव्हाच सुरुवात झाली. चौकात टीव्ही मांडून भाड्यानं पिक्चर दाखवायचे. चौकात बाया कशा बसणार? मग केबल आली. केबलवाला नवा पिक्चर त्याच आठवड्यात दुपारी लावून द्यायचा, कुठून आणायचा देव जाणे. मग सीडी, मग मोबाईलचं कार्ड. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, बरं झालं, सोय झाली. प्रत्येक वेळी टॉकीजची बाकं रिकामी होत गेली. मालकानं काय केलं? आधी पंखे दुरुस्त करणं सोडलं. मग गिऱ्हाईक टिकवायला घाणेरडे पिक्चर आणायला लागला. गल्लीतल्या बायांच्या दारावर त्याची पोस्टरं लागली. बाया यायच्या थांबल्या, तशी त्यानं मधली भिंत पाडली आणि शेवंताबाईला सांगितलं, आता तुझं काम नाही. तिनं काठी तिथंच दाराशी टेकवली आणि लेकीकडं हिंगणघाटला निघून गेली. पुढं टॉकीज बंद पडली तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. एका काळाचा अस्त वगैरे. बायांसाठी ती कितीतरी आधीच बंद झाली होती, त्याची एकही ओळ कुठं आली नाही.

आणि राग माझ्या भावावर आहे. विनोदनं टॉकीजच्या अगदी समोर मोबाईलचं दुकान टाकलं. काचेवर पाटी लावली : नवीन पिक्चर भरून मिळतील. संध्याकाळी पोरं रांगेनं कार्ड घेऊन उभी. टॉकीजच्या पोस्टरवर जो पिक्चर, तोच विनोदच्या कॉम्प्युटरमध्ये. मी एकदा माहेरी गेले असताना त्याच्या दुकानात उभी राहून भांडले.

"तुले लाज नाई वाटत? समोरच्याच्या ताटातलं उचलून विकून राह्यला तू."

"ताई, मी नाई भरलं तर बाजूचा भरून देईन," तो कार्ड घालता घालता म्हणाला. "लोकं मागतेत. अन् तुले त्या टॉकीजचं काय एवढं पडलं? ढेकनं चावत होते तिथं. बायायसाठी संडास नव्हता धड. तुमी जुने लोकं उगाच गुणगान करता."

संडास नव्हता, हे खरंच होतं. मी चिडून घरी आले. त्याला उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर द्यायचं तर दिलीपचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते आमच्या घरात घ्यायचं नसतं. विनोदला एवढंच माहीत होतं की आपल्या आधी एक भाऊ होता आणि तो लहानपणी वारला.

विनोद वाईट नाही. बाबा गेल्यापासून मायला तोच सांभाळतो, चांगलं सांभाळतो. या पौषात त्याचा फोन आला. "ताई, रविवारी येजो. मायसाठी एक गंमत आणली."

गेले. घरात सांभारवडीचा वास होता, विनोदच्या बायकोनं तळायला घेतल्या होत्या. मायच्या खोलीत नवा टीव्ही. विनोदनं कुठून कुठून शोधून तिच्या तरुणपणीचे सगळे पिक्चर एका पेन ड्राईव्हवर भरले होते. मायला खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल टाकली. पोरं भोवती. आणि त्यानं नेमका तोच पिक्चर लावला.

"हा लय मुश्किलीनं भेटला, माय," तो म्हणाला. "कौसल्याकाकू सांगत होती, तू हाच हजारदा पाह्यला म्हणे. गाणे आवडे म्हणे तुले."

मी मायकडं पाहिलं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर. गाणी झाली. गाव दिसलं, नदी दिसली, आभाळ भरून आलं. पुराचा सीन सुरू झाला तशी मायची हनुवटी थरथरली. धाकट्या नातवानं लगेच विचारलं, "आजी, रडून राह्यली का?" सून स्वयंपाकघरातून धावत आली, "काय झालं वो, पाणी देऊ का?" आणि विनोदनं रिमोट उचलला. "थांब माय, हे रडायचं पुढं ढकलतो. पुढं मजेदार आहे." पडद्यावरची ती आई भराभर धावली, भराभर वाकली, हाका मारण्यासाठी तिनं उघडलेलं तोंड आवाज न येताच मिटलं, आणि पोरगं मोठं होऊन मोटारसायकलवर आलं.

माय उठली. "बंद कर," म्हणाली, आणि मागच्या अंगणात निघून गेली.

विनोदचा चेहरा उतरला. "एवढी मेहनत केली ताई मी. हिले काऊन नाई आवडलं?"

मग मात्र माझा तोल सुटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. दिलीपचं नाव घेतलं एवढं आठवतं, कारण ते उच्चारताना जीभ अडखळली. भादवा सांगितला, बाबांचा हुकूम सांगितला, टॉकीजमधलं बाक सांगितलं, शेवंताबाईचा झाडू सांगितला. "गाणे ऐकाले नाई जात होती ती," मी ओरडले. "रडाले जात होती. तिच्या पोराले रडाले. घरात बंदी होती म्हणून. अन् तू तिच्या हक्काची जागा कार्डात भरभरून विकली, अन् आज तिचं रडणं बटन दाबून पुढं ढकललं." सून कढईखालचा गॅस बंद करून दारात उभी राहिली होती. विनोद खाली पाहत होता. पुरात वाहून गेलेलं पोरगं आवाज बंद करून पडद्यावर कोणाला तरी मारत होतं.

तो उठला आणि मागच्या दारानं अंगणात गेला. मीही गेले. माय कणगीच्या सावलीला बाजेवर बसली होती. विनोद तिच्या पायाशी भुईवर बसला. चाळिशीचा माणूस, टक्कल पडायला लागलेलं, पण बसला तो लहान पोरासारखा.

"माय, मले कोणी सांगतलंच नाई कधी," तो म्हणाला. "कसा होता वो तो?"

मला वाटलं, ती उठून जाईल. इतक्या वर्षांची सवय. ती उठली नाही. कणगीकडं पाहत बोलायला लागली. दिलीपला दूध आवडत नव्हतं. त्याला मुंगळे धरून डबीत ठेवायची खोड होती. तो बोबडं बोलायचा, ळ म्हणता येत नव्हता, मळ्याला मला म्हणायचा. ताप चढला तेव्हा तो शेवटी काय म्हणाला, तेही तिनं सांगितलं. ते मला माहीत नव्हतं, आणि मी ते इथं लिहिणार नाही. बोलता बोलता ती रडायला लागली. सून पाणी घेऊन निघाली, तिला मी हातानं थांबवलं. विनोदनं मायला उगी केलं नाही. त्याच्या खिशात फोन वाजत राहिला, त्यानं तो बाहेरही काढला नाही.

मी चौकटीला टेकून ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर माझा राग निवत नव्हता. तो आता वेगळीकडंच निघाला होता. इतकी वर्षं मी टॉकीज मोडणाऱ्यांवर चिडले, आणि ते बरोबरच होतं. पण एका बाईला आपल्या पोरासाठी रडायला गाडी जुंपून परगावी, अंधारात, अनोळखी बायकांत जावं लागत होतं, यावर मी एकदाही चिडले नव्हते. टॉकीज होती तोवर ते झाकलं गेलं. टॉकीज गेली तेव्हा ते झाकणसुद्धा गेलं, आणि कोणी पाहिलंच नाही की खाली काय होतं. माझ्या बाबांचं घर होतं. माझंही घर आहे नालवाडीला. तिथं भिंतभर टीव्ही आहे, आणि पल्लवी कशासाठी रडते, कुठं रडते, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मायनं पदरानं तोंड पुसलं. मग ती विनोदकडं वळली. तिच्या आवाजात इतका राग मी पहिल्यांदाच ऐकला. माझा राग कुठून आला ते मला तिथं कळलं.

"तिकीट काढून रडली मी, विन्या," ती म्हणाली. "गाडीनं परगावी जाऊन, तिकीट काढून. अन् माह्या सोताच्या घरात, माह्या पोरासाठी, मले कोणी फुकट नाई रडू देल्लं."